काकांनी हलवलेली पेटी

अगं, कुंभारवाड्याच्या आमच्या शेतात मी ओलावा मोजणारी पेटी लावली होती ना? बांधावरून तिचा सिग्नल घरापर्यंत पोचेना, म्हणून मी त्याची ताकद पुरी वाढवली. आठवड्यात बॅटऱ्या संपल्या. शेवटचा संच घातला; तो गेला की प्रोजेक्ट बुडाला. तेवढ्यात काकांनी तिची ओलावा मोजणारी वायर मातीतच ठेवून पेटी उंच मचाणावर बांधली.

"कुणाला विचारून हलवलीत?" मी भडकले.

"डुकरं येत्यात, पोरी."

तणतणत घरातला लॅपटॉप उघडला, तर सगळे आकडे येत होते. ताकद अगदी कमी केली, तरी येतच राहिले! मी हातच जोडले. "काका, वाचवलंत! आता उंचावरून पेटी हळू बोलली तरी घरात ऐकू येतंय."

"मग तूबी हळू बोल की," काका म्हणाले. "मी तर हितंच उभा हाय."