छताचा मालक

आधी ऑर्डरच्या कागदावर तारीख लिही. दोन हजार बावीस, डिसेंबरची तीन, शनिवार – जैतून झोडून झाले, घाण्यावरून तेल घरी आलं, आणि थंडी दारात उभी आहे, आत यायची बाकी आहे. लिहिलंस? सगळं नाही लिहायचं रे, फक्त तारीख. बाकीचं तुझ्या माहितीसाठी. बस त्या डब्यावर, स्वच्छ आहे. वर छतावर बसायला दुसरं काही नाही. चहा घे. मरमियाची पानं घातलीत, घशाला बरी. तू इरबिद शहरातला ना? तिकडे चहात साखर घालतात की साखरेत चहा? हसू नकोस, सांडेल.

तर तुझं यंत्र. खाली माझ्या बायकोला, उम्म रातेबला, तू समजावत होतास ते मी ऐकलं. बाहेरची गार हवा यंत्र ओढून घेतं, तिच्यातली ऊब पिळून काढतं, पाण्याला देतं, आणि ते पाणी फरशीखालच्या नळ्यांतून घरभर फिरतं. गार हवेतून ऊब – मी मनात म्हटलं, हा पोरगा दगडाचंही दूध काढेल. पण बायकोने मान डोलावली. पन्नास वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या बोलण्यावर ती इतकी डोलली नाही, म्हणून मी गप्प बसलो. फरशी अजून बसवलेली नाही, वाळू नुसती पसरलीय, तेव्हा नळ्या टाकायच्या तर आत्ताच. एकदा मी फरशी बसवली की बसवली. माझी फरशी आजवर कुणाला उचकटता आलेली नाही. सरकारने एकदा प्रयत्न केला होता, शाळेत. त्यांची पहार वाकली.

शेगडीचं काय वाईट होतं म्हणतोस? मीही तेच म्हणत होतो. जुन्या घरात दोन खोल्या, एक शेगडी. घाण्यावरून आपल्याच जैतुनाची पेंड आणायची, वड्या करून वाळवायच्या, हिवाळाभर जाळायच्या. झाड तोडायला नको, कुणाचे उपकार नकोत. वर चेस्टनट भाजायचे, संत्र्याची सालं टाकायची. रुसलेलं माणूस उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि गारठून पुन्हा येऊन बसायचं – आमच्या शेगडीने जितकी भांडणं मिटवली तितकी गावच्या काझीनेही मिटवली नसतील. पण धूर. उम्म रातेबची छाती. गेल्या हिवाळ्यात अकरा दिवस दवाखान्यात होती, नाकाला नळी. डॉक्टर म्हणाला, धूर बंद. मी विचारलं, थोडासा? तो म्हणाला, हाजी, थोडंसं विष देऊ का? उर्मट होता, पण खरं बोलला. नव्या घरात म्हणून मी धुराड्याला भोकच ठेवलं नाही. म्हणजे मोह नको.

डिझेलचा बॉयलर? तो शेजारच्या अबू उदैकडे आहे. जानेवारीत तो बॉयलर लावतो, डिझेलचा काटा बघत बसतो, आणि बंद करतो. त्याच्या घरात ऊब फक्त पाहुणे आले की येते. म्हणून आम्ही वरचेवर जातो. नको ते.

तेव्हा यंत्र ठरलं. तुझंच. वीज खातं, ती सूर्याकडून घ्यायची, त्यासाठी पॅनेल – इथवर मला पटलं. मी शाळेत चार इयत्ता गेलो, पण ऊन कशाला म्हणतात ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, आयुष्यभर डोक्यावर घेतलंय. फक्त पॅनेल छतावर नाही. अंगणात लाव. दोन वाजता डोंगराची सावली येते? येऊ दे. विहिरीच्या बाजूला लाव. तिथे अंजीर आहे? अंजिराला समजावतो मी. बरं, नाही समजणार. पण छतावर नाही.

कारण विचारतोस – डोळ्यांसमोर दिसत नाही का? सोळा खांब, खांबाला चार सळया, प्रत्येक सळईच्या टोकाला पाण्याची बाटली उलटी घातलेली, गंज चढू नये म्हणून. बाटल्या मी गोळा केल्या, चौसष्ट. अबू उदै मला म्हणतो, अबू रातेब, त्यांच्यावर द्राक्षाचा वेल चढव, निदान पानं तरी मिळतील. त्याच्या घरी तीन मुलगे तीन मजल्यांवर राहतात, त्याला थट्टा परवडते. अरे, तू याच मुलखात जन्मलास ना? छतावर सळया कशासाठी ठेवतात? मुलासाठी. मुलगा आला, लग्न झालं, की त्याच सळयांना पुढचे खांब बांधायचे, स्लॅब घालायचा, मजला उभा.

लग्न झालंय माझ्या रातेबचं. स्वीडनमध्ये. दोन मुली आहेत. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. आम्ही बोलत नाही असं कुणी सांगितलं? बोलतो. म्हणजे उम्म रातेब बोलते, फोन कानाला लावून, आणि मी शेजारी बसून खोकतो. खोकला ऐकून त्याला कळतं मी आहे. परवा म्हणाला, बाबांना सांग, खोकल्याचं औषध घ्या. औषध. मला काय झालंय?

तुला सांगायचं कारण नाही, पण तू वर आलायस म्हणून सांगतो. तो तेरा वर्षांचा होता. एका बड्या माणसाचं घर बांधत होतो आम्ही, खालच्या गावात. उन्हाळाभर पोराने माझ्या हाताखाली काम केलं – पाणी, चुना, दगड. खांद्याची सालं निघाली, एकदाही हूं केलं नाही. शेवटी मजुरी मागितली, सायकल हवी होती. हक्काची होती. मी दिली नाही. त्या वर्षी… ते जाऊ दे, दिली नाही. मी म्हटलं, सायकल मोडते. मी स्वतःचं घर बांधीन तेव्हा त्याचं छत तुझं. आमच्यात म्हणतात, स्वतंत्र माणसाचं वचन म्हणजे त्याच्या मानेवरचं कर्ज. लोकांची घरं बांधण्यात माझी पन्नास वर्षं गेली, तेव्हा कुठे हे उभं राहिलं. दगड न् दगड माझ्या हातचा. आता मी इथे तुझ्या काचा पसरू? गाव काय समजेल? अबू रातेबने मुलाची आशा सोडली, त्याच्या जागी पॅनेल बसवले. आणि तो काय समजेल?

थांब. तो कागद इकडे कर. वरच्या ओळीत गिऱ्हाईक म्हणून नाव कुणाचं आहे? माझं नाही. अक्षरं मी ओळखतो, वाक्याशीच भांडण आहे. माझं नाव आखूड, हे लांब आहे. वाच.

रातेब?

त्याने फोन केला तुला? मला वाटलं उम्म रातेबने. कधी? महिन्यापूर्वी. म्हणजे खालचं ते मान डोलावणं – तिला सगळं ठाऊक होतं तर. आणि माझ्यासमोर विचारत होती, इंजिनियरसाहेब, यंत्राचा आवाज येतो का हो. सत्तरीची बाई, नाटक करते. आणखी काय म्हणाला तो? पूर्ण सांग, मला जपून सांगू नकोस, मी म्हातारा आहे, आजारी नाही.

छतावर लावा म्हणाला. तू म्हणालास, वडील नाही म्हणतील. मग? मग म्हणाला, त्यांना एवढंच विचारा की छत कुणाचं आहे.

एवढंच?

कुणाचं म्हणजे. त्याचं. या बाबतीत मी कधी शब्द फिरवला नाही. कुणालाही विचार.

बापाला अडकवलं पोराने. बघ कसं अडकवलं. माझाच आहे. हे बघ, पन्नास वर्षं मी एक नियम पाळला – घर मालकाचं, हात माझा. मालक म्हणाला खिडकी इथे, तर मी म्हणायचो वारा तिकडून येतो, एकदा म्हणायचो, मग त्याने सांगितलं तिथेच खिडकी करायचो. दुसऱ्यांदा म्हणायचो नाही. बांधणाऱ्याने मालकाला दोनदा अडवू नये. त्याने आईच्या छातीसाठी मागितलंय, द्राक्षाच्या वेलासाठी नाही. आणि मी दहा मिनिटं तुला अंजिराच्या गोष्टी सांगतोय.

काय म्हणतोस? सळया वाकवून खाली दाबू, वर पॅनेल बसवू, पुढे तो आलाच तर पुन्हा सरळ करू? भला मुलगा आहेस. पण एकदा वाकवलेली सळई सरळ केली की दिसते सरळ, भार घेत नाही. वाकलेल्या सळयांवर मी कुणाच्या मुलाला राहू दिलं नाही, माझ्या मुलाला कसा देईन? कापायच्या. स्लॅबच्या जवळून, आणि टोकांवर सिमेंट मारायचं, पाणी झिरपायला नको. ते तुझी माणसं करणार नाहीत, मी करीन. तू वाकलास तर चष्मा पडेल तुझा.

रडत नाहीये. वारा आहे. हे छत आहे, इथे वारा असतो.

खाली जाशील तेव्हा उम्म रातेबला सांग, अबू रातेब कबूल झाला. मी खोकलोबिकलो असं काही सांगू नकोस. आता लिही. छत रातेबचं. आजपासून त्याच्या ताब्यात. त्याला हवं ते त्याने वर लावावं. लिहिलंस? वाचून दाखव.

बरोबर. सही मला बरी येत नाही. शाई आण, अंगठा देतो.