दोघांचं वजन

हाडांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. मानेला पट्टा लावून बसलेल्या शिक्षिकाबाईंना मागे वळता येत नव्हतं, त्यामुळे मागच्या बाकावरचे दोघे त्यांना नुसते ऐकू येत होते.

"काय टेलर, गुडघा काय म्हणतोय?"

"तो काय म्हणणार! डॉक्टर म्हणतात, दहा किलो उतरवा."

"मग उतरव की. जिममध्ये एवढा घाम गाळतोस."

"उतरवलं होतं रे थोडं. पण जमिनीवरून शंभर किलो उचलायचो, तिथे ऐंशीलाच दम लागायला लागला."

"लागू दे. या वयात कुणाला दाखवायचंय?"

"दाखवायचं नाही, हिला उचलायचं असतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. एकदा माझे हात थरथरले आणि ती घाबरली. मग पुन्हा खायला लागलो."

"आणि गुडघा?"

"बोंबलतोय."

"वहिनींना माहीत आहे?"

"सांगितलं नाही, पण कळलंच तिला. हल्ली अर्ध्यावर ताट सारते. खोदून विचारलं, तर म्हणाली, 'तुम्हाला जड होते मी.'"

"अरे देवा. मग रे?"

"मग काय! तिच्यासमोर बसून पोटभर जेवतो. मी घेतलं की तीही घेते दोन घास."

तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं.

"टेलरकाका, या. आधी वजनकाट्यावर उभे राहा."

बाक करकरला. बाईंच्या शेजारून जड, लंगडी पावलं पुढे गेली.

"राहतो सिस्टर. पण आकडा मोठ्याने वाचू नका."