न कापलेली पानं

चिपळ्या खाली ठेवल्यात मी, मंडळी! आज आधी उत्तर द्यायचं, मग टाळ वाजवायचे. सांगा — जी गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिलीच नाही, तिची साक्ष देणारा कोण? खोटारडा ना? बोला की! नुसत्या माना काय हलवता! बरं — आणि तीच साक्ष जाड पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून विद्यापीठात दिली, तर? तर तो डॉक्टर! पेटीवाले, हसू नका. रडायची गोष्ट आहे. ऐका.

बोरखडी नावाचं गाव. गावात जुनी बारव — दगडी पायऱ्यांची, आत उतरत जाणारी विहीर. गाळानं भरलेली. लोक कचरा टाकायचे तिच्यात! आणि बाया पाणी कुठून आणायच्या? माळ ओलांडून, पलीकडच्या ओढ्यावरून. सरूबाई झोडगेची मान त्या हंड्यांखाली कायमची वाकली. गावानं अर्ज केला — साहेब, गाळ काढून द्या. वरून उत्तर आलं — अभ्यासकांच्या मते ही बारव मुळातच कोरडी आहे. अभ्यासकांच्या मते! झालं, मिटलं!

या सरूबाईची लेक चंद्रकला. शिकली पोरगी, पीएच.डी.ला बसली, विषय घेतला जुन्या बारवांचा. आता प्रबंधात पहिलं काम काय? आपल्या आधी कोणी काय लिहिलं, त्याचा आढावा घ्यायचा. मार्गदर्शक होते डॉक्टर वासेकर. मोठं नाव! ते म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं? माझा प्रबंध घे, त्यातली नावं उतरव. सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात! मंडळी, या तीन शब्दांनी जेवढा सत्यानाश केलाय ना, तेवढा दुष्काळानंही केला नसेल!

चंद्रकलानं सरांचा प्रबंध उघडला. लिहिलेलं — ‘सोहोनीबाईंच्या मते बोरखडीची बारव कोरडी आहे.’ दुसरा उघडला, तेच. तिसरा, तेच! पोरीला वाटलं, बारवांवर पहिल्यांदा लिहिणाऱ्या या सोहोनीबाईंचं मूळ पुस्तक तरी बघावं. गेली ग्रंथालयात. सापडलं एकदाचं, धुळीत. जुन्या छपाईचं पुस्तक — त्यात कागद दुमडून शिवायचे, कडा जोडलेल्याच राहायच्या. वाचणाऱ्यानं सुरी घेऊन पानं कापायची, तेव्हा आतलं दिसायचं. बोरखडीचं वरचं पान उघडं होतं. ‘गावचे लोक सांगतात, बारव कोरडी आहे.’ पान तिथं संपलं. आणि पुढची पानं?

जोडलेली! एवढे डॉक्टर झाले त्या पुस्तकाच्या जिवावर, आणि एकाच्याही हाताला सुरी लागली नाही!

पोरीनं पट्टी घेतली, कड कापली. आत लिहिलं होतं — ‘माझा विश्वास बसेना. मी स्वतः खाली उतरले. माणसं लावून थोडा गाळ काढला. तळाशी जिवंत झरा आहे. पाणी गोड आहे.’

अरे, ती बाई साडीचा काचा मारून चिखलात उतरली होती रे! आणि तुम्ही खुर्चीत बसून तिच्या तोंडी ‘कोरडी’ हा शब्द घातलात?

चंद्रकला तशीच उठली, पुस्तक सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी वाचलं. चेहरा उतरला. मग म्हणाले, "हे लिहू नकोस. माझं नाव जाईल."

"सर, माझ्या आईची मान गेली."

"भावनेत येऊ नकोस. हे प्रकरण बदल, नाहीतर मी सही करणार नाही. बघ, डिग्री हवी की बारव?"

पुस्तकाची शेवटची पानं अजून जोडलेलीच होती. तिनं पट्टी त्यांच्यापुढं सरकवली. "एवढी तरी तुम्ही कापा, सर." वासेकरांनी हात मागे घेतला. ती नमस्कार न करता बाहेर पडली.

सही झाली नाही. प्रबंध पडून आहे. पण त्या कापलेल्या पानांच्या नकला घेऊन ती गावात आली, चावडीवर वाचून दाखवल्या. गाव फावडी घेऊन उतरलं. आज सरूबाई बारवेच्या पायरीवर बसून तांब्या भरते. कुणी विचारलं, पोरीला काय मिळालं हो एवढं शिकून? — ती तो तांब्याच पुढं करते.

आता वासेकरांना शिव्या घालून घरी जाल. बरं वाटलं ना? मग मी विचारतो — तुमच्या देव्हाऱ्यात, लाल फडक्यात, पोथी आहे ना? हळदकुंकू वाहता, डोकं टेकवता, आणि ‘आमच्या पोथीत असं सांगितलंय’ म्हणून सुनेला बोलता, शेजाऱ्याला तोडता! आज घरी जा. फडकं सोडा. कुंकवानं पानं एकमेकांना चिकटलीत का, ते बघा. चिकटली असतील, तर तुमच्यात आणि त्या वासेकरांत फरक काय, ते मला सांगायला उद्या या. तोवर माझ्या पाया पडायला कुणी पुढं येऊ नका!