सगळी झाकणं

रासीपुरमच्या गुरांच्या दवाखान्यात, वारलेल्या आईची मागे राहिलेली शेळी घेऊन कुयिली रांगेत बसली होती. पुढे दोघी बायका होत्या. त्यांतली मांडीवर टोपली घेतलेली वेल्लायी शेजारच्या थोरल्या बाईपाशी तणतणत होती.

“वीस अंडी होती, अक्का, लाव्यांची! पहिल्यांदाच पेटीत उबवायला ठेवली होती. दोन आठवडे दिवसातून तीनदा फिरवली.”

“मग बिघडलं कुठं?”

“सतराव्या दिवशी टरफलांना चिरा पडल्या, आतून चिवचिव सुरू झाली. नेमकी तेव्हाच माझी लेक अडली. मी इस्पितळात, आणि मागं सासूबाईंनी पेटीचं झाकण उघडलं. चांगलं सताड, तासभर!”

“अगंबाई! आतली वाफ गेली असणार.”

“पिल्लं टरफलातच सुकून चिकटली. हे एकच वाचलं. त्याचेही पाय फाकलेत, बघ.”

“पण उघडलंच कशाला?”

“घरातलं बंद ते सगळं उघडलं त्यांनी. ट्रंका, तांदळाची मडकी, लोणच्याच्या बरण्यासुद्धा!”

“ते उघडावंच लागतं गं. त्याशिवाय अडलेली बाई सुटते का?”

“त्या तेच म्हणतात! म्हणे, इकडं झाकण निघालं आणि तिकडं पोर झाली.”

“सुखरूप?”

“दोघी सुखरूप. नात तीन किलोची आहे.”

“मग अजून चिडतेस कशाला, बाई?”

“चिडू नको? एक फोन करायचा होता, अक्का. ‘उघडा’ असं मीच म्हटलं असतं. माझी लेक होती ती, मी म्हटलं नसतं का?”