दोन डाव्या बाह्यांचा देश

पाहुणी : सगळे नकोत, मास्तर. या एकशे चाळीस कागदांतले बारा द्या. आमच्या संग्रहालयाच्या भिंतीवर तेवढ्याच चौकटी बसतात.

मास्तर : मग भिंत वाढवा.

मुलगी : बाबा, नीट बोला. बाई आपण होऊन आल्यात. सोमवारी दुकानाची किल्ली द्यायचीय आणि ही चळत माझ्या घरात मावणार नाही, कितीदा सांगू?

मास्तर : नीटच बोलतोय. चाळीस वर्षं शर्ट शिवले, पण नुसती कॉलर कुणाला विकली नाही.

पाहुणी : चित्रं काढायला शिकलात कुठे?

मास्तर : कुठेच नाही. गिऱ्हाईक नसलं की कापड बेतायच्या खाकी कागदांवर पेन्सिल फिरवायचो. कॉलरची खाडी झाली, खिशाचा तलाव झाला. मग तिथं माणसं राहायला आली.

पाहुणी : ही जमिनीची दोन टोकं मात्र एकाच बाजूला वळलीत. एक उलटं लावू? चित्र तोलदार दिसेल.

मास्तर : हात लावू नका. हिची आई गेली त्या आठवड्यात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. गिऱ्हाईक नाही नाही ते बोललं. कापड फुकट गेलं, कागद मी ठेवला. म्हणून त्या देशाला उजवा किनारा नाही. बोटी लांबचा वळसा घेऊन येतात. उशिरा येतात, पण येतात.

मुलगी : हे मला कधी बोलला नाहीत.

मास्तर : तू रद्दी म्हणायचीस. रद्दीची चौकशी कोण करतं?

पाहुणी : बारा तरी लोक बघतील, मास्तर. एरवी सगळ्यांना वाळवी लागेल.

मास्तर : लागू दे. वाळवी निवडून तरी खात नाही.

मुलगी : अहो, नाव होईल तुमचं.

मास्तर : नाव दुकानाच्या पाटीवर आहे. बारा कागदांवरच्या लोकांनी भिंतीवर मिरवायचं आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी उकिरड्यावर जायचं? तुमच्या संमतीपत्रावर मी सही करणार नाही. दोघींनी मिळून डोकं खाल्लंत तरी नाही.

पाहुणी : बरं, मग हा एकच द्या. सत्ताविसावा. धक्क्यावर दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी. खरं तर मी हिच्यासाठीच आले.

मुलगी : बघू इकडे. हे दप्तर... याचा एक बंद तुटलाय. बाबा, हे माझं आहे.

मास्तर : हो.

मुलगी : कुणाची वाट बघतेय मी?

मास्तर : आईची. बोटीला उशीर होतो, म्हटलं ना.

(मुलगी कागद पाहुणीच्या हातून घेते.)

मुलगी : बाई, यातला एकही सुटा मिळणार नाही.

पाहुणी : अहो, पण सोमवारी हे सगळं ठेवणार कुठे?

मुलगी : माझ्याकडे. जेवायचं टेबल काढून टाकते, जमिनीवर बसून जेवू. बाबा, तिकडून उचला. आणि क्रम मोडू नका, धक्का बोटीच्या वाटेवरच राहू दे.