व्यंकटरावाच्या फोनचं कुलूप

—न्हाई लागायचा, पाव्हणं. बघायलाव काय त्याच्याकडं? कितीबी बोट घाला, ते चक्कर फिरत न्हाई. कुलूप हाय त्याला — ते भोकात बारकं पितळी दिसतंय ना, तेच. चावी व्यंकटरावाच्या करदोड्याला, अन् व्यंकटराव मळ्यात. येतेत आता, बसा ओट्यावर. मी? मी बन्सीधर, व्यंकटरावाचा चुलतभाऊ, थोरला. फोनची राखण करायला बसवलंय मला. हसू नका, गुरं राखण्यापरीस अवघड काम हाय हे. अन् ऱ्हाऊ द्या, कुणाला फोन करायचाय, कशासाठी करायचाय, मला काईबी सांगू नका. तुमची खासगी बाब हाय. मी इचारत न्हाई अन् कुणाचं ऐकत बी न्हाई.

न्हाईतर ह्या गावाची रीत बघा. आमच्या गल्लीत फोन एकच, मग सगळी गल्ली हितं. एकजण तंबाखू गालात धरून बोलतो, दुसरा बोलता बोलता शिंकतो — शी — मी तर फोन धोतराच्या सोग्यानं पुसल्याबिगर तोंडाला लावत न्हाई, तरी वास जातो व्हय? पण ती घाण परवडली. दुसरी घाण लय वंगाळ. एकजण बोलायला लागला की बाकीचे कान टवकारून हुभे. कुणी खांबाला टेकतंय, कुणी उगंच चप्पल झटकतंय. मागं एक लेकरवाळी बाई भावाला फोनवर रडली, दादा मला घेऊन जा म्हणून, अन् दिवस मावळायच्या आत पिठाच्या गिरणीवर बाया तिचीच नक्कल करायल्या. नवऱ्याच्या कानावर गेलं. पुढं काय झालं ते इचारू नका. थुंकावं वाटतं मला असल्या लोकांवर.

म्हणून कुलूप? छ्या, गावासाठी कोण कुलूप आणतंय. व्यंकटरावानं आणलं ते सोत्ताच्या घरासाठी. गंगाखेडाहून आणलं, सोत्ताच्या हातानं बसवलं, अन् मला म्हणले, बन्सीभाऊ, आता घरातली गोष्ट घरात. मी म्हणलं, अरे बाबा, ह्या कुलपानं हितून लावायचं बंद व्हतंय, तिकडून येणारं थोडंच बंद व्हतंय? घंटी वाजली की जो उचलील त्याच्या कानात. मोकळाच की फोन. तर म्हणले, तुमाला काय कळतंय मशीनीतलं. ऱ्हायलं. आमाला काय कळतंय.

आता तुमीच सांगा, त्या दिवशी माझी काय गलती? नामांतराचा बंद व्हता, गाड्या बंद, म्हणून व्यंकटरावाला परभणीला डाक्टरकडं जाता आलं न्हाई. गेले मळ्यात. कुलूप तवा नव्हतंच, फोन असाच उघडा, मी एकलाच. घंटी वाजली. मी उचलला, म्हणलं, हां, बोला. ह्या घरात सगळे तसंच म्हणतेत, नाव कुणी सांगत न्हाई. अन् तो डाक्टर — एवढा शिकलेला माणूस, कोण बोलायलाय म्हणून इचारावं का न्हाई? न्हाई इचारलं. व्यंकटरावच समजून सुरूच झाला, पोराच्या तपासणीचं, सुनेच्या तपासणीचं. मी ठेवणारच व्हतो. पण मोठा माणूस बोलायलाय, मधीच कसं ठेवायचं? आवाज खरखरत व्हता, म्हणून म्हणलं, परत एकदा सांगा. मग त्यानं उकलून सांगितलं.

न्हाई न्हाई, काय सांगितलं ते मी सांगणार न्हाई. मी त्यातला न्हाई. आता, तुमी परगावचे, फोन करून निघून जाणार, तुमाला सांगून कुणाचं काय बिघडतंय म्हणा. व्यंकटरावाचा पोरगा सूर्यभान. लग्न होऊन वर्सं झाली, घरात पाळणा न्हाई. सून कुसुम — लय गुणाची पोर, मला येळेवर चहा देणारी ह्या घरात तीच एक — तिला सासू बायनाबाई उठता बसता वांझ म्हणते, ओटी भरायच्या दिवशी कोठीच्या खोलीत बसवते. अन् डाक्टर काय म्हणला? सुनेत काई खोट न्हाई. खोट सूर्यभानात हाय, त्याला इलाज न्हाई, दुसरी बायको केली तरी लेकरू व्हणार न्हाई. मी व्यंकटरावाला जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी काय केलं म्हणता? कुलूप आणलं. अन् बायनाबाईला सांगितलं, डाक्टर म्हणला सुनेतच खोट हाय. माझ्यादेखत सांगितलं, पाव्हणं. वर मला म्हणले, बन्सीभाऊ, तुमी काई ऐकलं न्हाई. म्हणावं वाटलं, कान माझे हायत, ऐकलंय मी. पण माझं जेवण ह्याच घरात, दुसरीकडं कोण इचारतंय मला? गप बसलो.

आता कुसुमला माहेरी घालवायलेत, कायमची. अन् सूर्यभानाला दुसरी बघायलेत. पोखर्णीकडचा कुणीतरी हाय म्हणे, गरीब माणूस, लेक द्यायला तयार झालाय. उद्या तीबी पोरगी ह्याच कोठीच्या खोलीत बसणार, अन् तिलाबी हेच ऐकावं लागणार. किळस आलाय मला ह्या घराचा. त्या बापाला कोण सांगणार? मी तर सांगणार न्हाई, मला ह्या घरात राहायचंय.

का उठलाव? बसा की, चहा येतोय. फोन? — फोन करायचा न्हाई? मग येवढा येळ — घर बघायला? कुणाचं घर? ... कुठून आलाव तुमी, पाव्हणं?

पोखर्णीहून.

आधी का न्हाई सांगितलं? मीच बोलू दिलं न्हाई, खरंय. हे बघा, पिशवी खाली ठेवा, ऐका माझं. म्हातारा माणूस हाय मी, काईबी बडबडतो. माझं नाव घेऊ नका कुठं. सोयरीक मोडायची तर मोडा, पत्रिका जुळली न्हाई म्हणा, पोरगी लहान हाय म्हणा, काईबी म्हणा, पण फोनचं काढू नका. हात जोडतो. मागं काय बघायलाव? कोण हाय दारात?

कुसुम. कवापासून हुभी हायस तू? चहा ... ठेव ती कपबशी खाली. ठेव म्हणतो ना. सगळं ऐकलंस?

व्हय, पोरी. खरं हाय. तुझ्यात काईच खोट न्हाई.

पाव्हणं, तुमी जावा आता.