वाघदेव पहाडीवरून न उतरलेला माणूस

जबाब
दि. ०९/१२/२०१२, रविवार. वेळ सायंकाळी ५.१०

मी शालीकराम उदाराम कापगते, वय ४९ वर्षे, धंदा शेती, सेनेतून निवृत्त हवालदार, रा. सौंदड, ता. सडक अर्जुनी, जि. गोंदिया, समक्ष ठाण्यात उभा राहून सांगतो की, मला खुर्ची दिली आहे, पण मी बसत नाही. लवकर लिहून घ्या, दिवस बुडून राहिला.

मी सन १९८२ साली भरती झालो आणि २००४ साली पेन्शनीवर आलो. आमच्याच गावचा दुधराम लांजेवार, वय ५० वर्षे, माझ्यासोबत एकाच दिवशी भरती झाला होता. १९९९ च्या उन्हाळ्यात तो सुटीवर आला असता लढाई लागली आणि परत बोलावण्याची तार आली. तो गेला नाही. का गेला नाही ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्याला पेन्शन नाही. गाव त्याला भगोडा म्हणते. मीही म्हणत होतो. साहेब विचारतात, याचा इथे काय संबंध. संबंध आहे, लिहा.

आज गोंदियाच्या एका समितीने माजी सैनिकांच्या मदतनिधीसाठी वाघदेव पहाडी चढण्याचा कार्यक्रम ठेवला होता. लोकांनी पहाडी चढायची, निधीला हातभार लावायचा, आणि वर आम्हा माजी सैनिकांना शाल-नारळ, असे ठरले होते. समितीचे अध्यक्ष भुवनेश्वर रहांगडाले यांनी मला सर्वांच्या मागे चालायला नेमले. फौजेत चालताना मागे एक माणूस ठेवतात. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये, एवढेच त्याचे काम.

दुधरामला मीच आणले. परवा त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "चाल ना बे पहाडीवर, पाय मोकळे होतीन." तेरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घरचा चहा प्यालो. तो म्हणाला, "येतो, पन माहं नाव नोको लिहू कोठी." म्हणून समितीच्या यादीत त्याचे नाव नाही. वनविभागाच्या फाटकावर वही होती, तिथेही मी "हा माह्यासंग आहे" एवढेच सांगितले, त्यामुळे वहीत पण नाव नाही. चूक माझी आहे, फाटकावरच्या गार्डची नाही.

सकाळी ८ वाजता सगळे निघाले. आम्ही दोघे मागे होतो. पाऊण वाटेवर येनाचे मोठे झाड आहे, तिथे वाट फुटते. एक वाट खाली फाटकाकडे येते, दुसरी जंगलात जाते आणि पुढे कुठेच निघत नाही. १०.३० च्या सुमारास आम्ही तिथे पोचलो तेव्हा वरून भोंग्यावर माझे नाव पुकारले, हवालदार कापगते यांनी मंचावर यावे. तिथे दम खायला बसलेली दहा-बारा बाया-माणसे अजून वर जायची होती, आणि उतरताना त्या फाट्यावर कोणीतरी पाहिजेच होते, नाही तर शहरातले लोक सरळ जंगलात शिरले असते. मी जायला नको होते. पुकारा पुन्हा झाला आणि मी गेलो. दुधराम म्हणाला, "जा तू. मी राहतो पाठीमागं."

वर शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो झाले. भाषणे लांबली. १२ वाजता लोक आलेल्या वाटेने उतरू लागले. आम्हा सत्कारवाल्यांना मात्र पहाडीच्या मागच्या कच्च्या रस्त्याने जीपमधून खाली आणले. त्या रस्त्यात तो फाटा लागत नाही. खाली मंडपात जेवण होते. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. मी दोनदा भात घेतला. पाहुण्यांना लढाईच्या गोष्टी सांगितल्या. हे पण लिहा.

दुपारी ३.४० वाजता दुधरामची बायको देवकाबाई हिचा फोन आला. ती म्हणाली, "भाऊजी, हे तुमच्यासंगच आहेत ना?" तोवर मला त्याची आठवण झाली नव्हती. खरे सांगतो, एकदा पण झाली नव्हती. हातातला पानाचा विडा तसाच राहिला.

मी रहांगडाले यांना गाठले. त्यांनी यादी काढून दाखवली, १४३ चढले, १४३ उतरले. मी दुधरामचे सांगितले तर हसून म्हणाले, "अरे हवालदार साहब, वो तो भगोड़ा है, निकल गया होगा. कायले टेन्शन घेता?" मी त्यांची कॉलर धरली. दोघांनी मला सोडवले. ते तक्रार देणार असतील तर द्यावी, मी नाही म्हणणार नाही.

४.१५ वाजता मी फाटकावर गेलो. गार्ड म्हणाला, या भागात अस्वल फिरते, एकट्याला आत सोडत नाही, ठाण्यातून दोन माणसे आणा म्हणजे मी पण बॅटरी घेऊन येतो. त्याचे बरोबर आहे. मी पळतच निघालो.

ठाण्याकडे येताना बसथांब्यावर नंदाबाई शिवणकर, अंगणवाडी सेविका, भेटल्या. त्या सर्वांत शेवटी उतरल्या होत्या, त्यांचा गुडघा दुखत होता. त्यांनी सांगितले की दीड वाजता येनाच्या झाडाखाली एक माणूस उभा होता. त्याने त्यांना बरोबर वाट दाखवली आणि विचारले, "मांगं कोनी आहे का बाई?" त्या म्हणाल्या, "कोनी नाही जी, मीच शेवटची, चला आता." तर तो म्हणाला, "तुमी व्हा पुढं. हवालदार यायचे आहेत."

साहेबांनी विचारले, त्याला वाट माहीत नाही का? माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त. लहानपणापासून तेंदूपत्ता तोडायला तो याच पहाडीवर येत होता. दारू पितो का? नाही. घरात भांडण? नाही. तब्येत? चांगली आहे. मग दिवसाउजेडी उतरला काऊन नाही, असे साहेबांनी विचारले. यावर मी पाणी मागितले. पाणी प्यालो.

आता सांगतो. वर जाताना मी त्याला नुसते "थांब" म्हटले नव्हते. माझे नाव भोंग्यावर गाजत होते, छाती फुगली होती, जुना आवाज आपोआप निघाला. मी म्हणालो, "दुधराम, हीच तुही पोस्ट. मी येतवरी हलायचं नाही. या टायमाले तरी हलू नोको." शेवटचे वाक्य बोलायला नको होते. तो हसला नाही, रागावला पण नाही. त्याने टाचा जुळवल्या.

पोस्टवर ज्याने उभे केले तोच येऊन उतरवतो, तोवर माणूस जागा सोडत नाही. साहेब, तुम्ही पण वर्दीवाले आहात, तुम्हाला जास्त काय सांगू. सकाळी त्याच्याजवळ पाण्याची एक बाटली होती. अंगात सदरा आहे, स्वेटर नाही. मोबाईल नाही. रात्री इथे थंडी काय पडते ते सर्वांना माहीत आहे.

देवकाबाई टेम्पोने आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. रडत नाही. मला एवढेच म्हणाली, "तुमीच नेलं, तुमीच आना." मला तिच्याकडे पाहवत नाही. माझ्या मनाला एक क्षण चैन नाही. मला लाज वाटते.

वर्णन विचारले म्हणून देतो. उंची साडेपाच फूट, रंग सावळा, केस पिकलेले, पांढरा सदरा, खाकी पॅन्ट, पायात रबरी चप्पल. ओळखीची खूण काही नाही.

माझे म्हणणे ठाण्याच्या हवालदार साहेबांनी लिहिले व मोठ्याने वाचून ऐकवले. माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. फक्त वरच्या रकान्यात त्यांनी दुधरामच्या नावासमोर बेपत्ता लिहिले होते, ते मी खोडायला लावून बाजूला सही केली. तो बेपत्ता नाही. मी उभा केला तिथेच उभा आहे. वेळ ५.४० झाली. बॅटरी द्या आणि चला, पोस्ट बदलायची आहे.

सही/-
शा. उ. कापगते